दगड आणि नाव

दरवर्षी २६ जुलैला कारगिल विजय दिवस येतो, १६ डिसेंबरला विजय दिवस येतो. सैनिकी शाळांत त्या दिवशी स्मृतिस्तंभावर पुष्पचक्र वाहिले जाते, बिगुल वाजतो आणि सारे मैदान दोन मिनिटे स्तब्ध उभे राहते. आदल्या दिवशीच स्तंभ धुतलेला असतो, कुंड्यांना गेरू लावलेला असतो. अशा स्मारकाचा मान कसा राखावा हे छात्रांना वेगळे शिकवावे लागत नाही. ते रोजच्या शिस्तीतच येते.

प्रश्न आहे तो ज्यांच्यासमोर कधीच बिगुल वाजत नाही, अशा स्मारकांचा. चावडीच्या भिंतीत बसवलेली जुनी पाटी, देवळामागे कलंडलेला वीरगळ, झुडपांत दिसेनाशी झालेली छत्री, रंगाच्या थरांखाली बुजलेला शिलालेख. रोज शेकडो माणसे त्यांच्याजवळून जातात. पण ते कोणाचे आणि कशासाठी उभारले, हे विचारले तर सांगणारा भेटत नाही.

प्रत्येक युद्धस्मारकाचे दोन भाग असतात. एक दगड आणि दुसरे नाव. दगड फुटला पण नाव राहिले, तर स्मारक पुन्हा उभे करता येते. नाव गेले आणि दगड राहिला, तर मागे उरतो तो फक्त दगड. पुढे कोणी त्यावर कपडे वाळत घालतो, कोणी त्याची पायरी करतो. म्हणून स्मारकाची देखभाल झाडूपासून सुरू होत नाही, ती वाचनापासून सुरू होते. हे नीट कळावे म्हणून काही खरी उदाहरणे पाहू. पहिली दोन मराठी मुलखापासून हजार किलोमीटर दूरची आहेत, पण आपल्याच माणसांची आहेत.

एका घराण्याच्या दोन खुणा

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर हे गाव आहे. तेथील महालिंगस्वामींचे शिवमंदिर फार जुने आणि विस्तीर्ण आहे. हा सारा तंजावरचा प्रदेश. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि पुढे १८५५ पर्यंत भोसले घराणे तेथे नांदले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा भलामोठा मराठी शिलालेख आजही वाचता येतो.

या घराण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गादीचा तंटा झाला. १७८७ पासून गादीवर असलेल्या अमरसिंहांना ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ मध्ये बाजूला केले आणि सरफोजीराजे, दुसरे, यांना बसवले. अमरसिंह तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, कंपनीने सरफोजींशी तह केला. त्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या ताब्यात तंजावरचा किल्ला व त्याच्या भोवतालचा थोडा परिसर एवढेच उरले.

या दोन्ही शाखांनी आपापली खूण मागे ठेवली. तिरुविडैमरुदूरच्या मंदिरात हातात दिवा धरून उभ्या असलेल्या एका स्त्रीची धातूची मूर्ती आहे. आपण मराठीत जिला दीपलक्ष्मी म्हणतो, तिला तमिळमध्ये पावै विळक्कु म्हणतात. ही मूर्ती अम्मणी नावाच्या स्त्रीची आहे. अमरसिंहांचे पुत्र प्रतापसिंह यांच्याशी आपला विवाह व्हावा म्हणून तिने देवाला लाख दिव्यांचा नवस केला होता. नवस फळाला आला तेव्हा, १८५३ मध्ये, तिने लाख दिव्यांबरोबर स्वतःच्या रूपाचा हा दिवाही देवापुढे उभा केला. ही सगळी हकिकत आज आपल्याला माहीत आहे याचे कारण ती मूर्तीवरच्या लेखात लिहिलेली आहे.

दुसरी खूण सरफोजीराजांची, आणि ती मात्र थेट युद्धाची आहे. तंजावर जिल्ह्यातच, पट्टुकोट्टईच्या पुढे मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकाठी एक आठ मजली, षट्कोनी मनोरा उभा आहे. उंची सुमारे २३ मीटर. भोवती तट आणि खंदक. तमिळ लोकही त्याला 'मनोरा'च म्हणतात. सरफोजींनी तो १८१४-१५ मध्ये बांधला तो नेपोलियनचा पाडाव आणि इंग्रजी फौजांचा विजय यांची आठवण म्हणून. ज्या लढाया युरोपात झाल्या, त्यांचे स्मारक एका मराठी राजाने बंगालच्या उपसागराच्या काठावर बांधले! त्यावर मराठीसह अनेक भाषांत लेख बसवलेले आहेत आणि त्यांत सरफोजी महाराज स्वतःला इंग्रज सरकारचे मित्र आणि साथी म्हणवतात.

दिव्याचे आणि मनोऱ्याचे नशीब मात्र सारखे नाही. दिवा नांदत्या देवळात आहे. तेथे पुजारी आहे, भाविक आहेत, रोजचा राबता आहे. मनोरा पडला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, आडबाजूला. २००४ च्या त्सुनामीत त्याचे नुकसान झाले आणि नंतर सरकारला त्याची दुरुस्ती करावी लागली. दगड-विटांची डागडुजी झाली हे चांगलेच झाले. पण तेथे जाणारा प्रवासी शिलालेख न वाचताच परतला, तर त्याच्या लेखी तो समुद्रकाठचा एक उंच बुरूज असतो, बस. लेख वाचला तरच कळते की स्वतःचे राज्य हातातून गेलेला एक राजा, राज्य घेणाऱ्याच्या विजयाचा स्तंभ बांधत होता. इतिहासाच्या पुस्तकातील एक अख्खे प्रकरण त्या काही ओळींत आहे.

वीरगळ आणि नडुकल

युद्धस्मारके इंग्रजांनी आणली असा काहींचा समज असतो. तो खरा नाही. महाराष्ट्रातील जुन्या गावांत देवळाच्या आवारात, वेशीजवळ किंवा पारावर वीरगळ दिसतात. लढाईत, गुरे राखताना किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्या वीराचे ते स्मारक. बहुतेक वीरगळांवर एकावर एक चौकटी असतात. सर्वांत खाली पडलेला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत लढाईचा प्रसंग. त्याहून वर अप्सरा त्याला स्वर्गाला नेताना, आणि शेवटी तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र आणि सूर्य असतात. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची रांग आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे.

तमिळ प्रदेशात हीच परंपरा 'नडुकल' या नावाने आहे. नडुकल म्हणजे रोवलेला दगड. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ ग्रंथात असा दगड उभारण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. योग्य दगड शोधणे, तो आणणे, पाण्याने स्नान घालणे, रोवणे, नैवेद्य अर्पण करणे आणि शेवटी वीराचे गुणगान करणे. या क्रमाकडे नीट पाहा. दगड रोवणे ही चौथी पायरी आहे, शेवटची नाही. रोवल्यावरही दोन कामे उरतात आणि ती माणसांनी पुन्हा पुन्हा करायची असतात. आपल्याकडे बऱ्याच स्मारकांचे काम चौथ्या पायरीवरच थांबते. उद्घाटनाची फीत कापली, फोटो निघाला, की पुढच्या दोन पायऱ्या विसरल्या जातात.

बहुतेक वीरगळांवर अक्षरे नाहीत. गावाच्या तोंडी परंपरेने ते नाव सांभाळायचे होते. पिढ्या बदलल्या, माणसे शहरात गेली आणि नावे हरवली. आता त्या दगडांना गावकरी शेंदूर लावतात, नमस्कार करतात. त्यांची श्रद्धा खरी आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. पण तो वीर कोण होता, हे आता कोणालाही सांगता येत नाही.

आकडा आहे, नाव नाही

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने ज्या गावांनी सैनिक दिले, तेथे पाट्या बसवल्या. महाराष्ट्रात सातारा आणि कोकणाच्या भागांत अशा पाट्या चावडीवर, शाळेच्या भिंतीवर आढळतात. तमिळनाडूतही त्या आहेत. वेल्लोरच्या लाँग बाजारातील घड्याळाच्या मनोऱ्यावरील लेख सांगतो की येथून २७७ जण महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी १४ जणांनी प्राण दिले. सगळ्या पाट्यांचा मजकूर साधारण याच साच्याचा आहे: गाव, गेलेल्यांची संख्या, मेलेल्यांची संख्या.

म्हणजे पाटी शाबूत आहे, अक्षरेही वाचता येतात, पण नाव एकही नाही. १४ कोण? त्यांची घरे कोणती होती? पाटी ते सांगत नाही.

हे केवळ गावच्या पाटीपुरते नाही. इराकमधील बसरा स्मारकावर १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मरण केलेले आहे. त्या मोहिमेत पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, तेव्हा आत अडकलेल्यांत मराठी मुलखातील शेतकऱ्यांची मुलेही होती. या स्मारकाच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावापुढे फक्त संख्या कोरली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपल्याच जुन्या कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांना बरोबरीचे स्मरण मिळाले नाही, हे त्यात मान्य केले आणि त्याबद्दल क्षमा मागितली.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. हे सैनिक परक्या राजासाठी लढले, नेपोलियनचा पाडावही परक्याचाच विजय. मग या स्मारकांची काळजी आपण का घ्यावी? प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. उत्तर असे, की स्मारक सांभाळणे म्हणजे ते बांधणाऱ्याच्या राजवटीला मुजरा करणे नव्हे. शिपायाने हुकूम पाळला, घर सोडले आणि तो परत आला नाही. त्याचे मरण खरे आहे. आणि राजवटीबद्दल प्रश्न विचारायचे असतील तरी पुरावा जपलाच पाहिजे. मनोऱ्यावरचा लेख नाहीसा झाला तर सरफोजींची अगतिकता दाखवणारा साक्षीदार जाईल. बसऱ्याचे आकडे पुसले गेले तर आपल्या शिपायांवर झालेला अन्याय दाखवायला काय उरेल?

नाव राहिले म्हणून

आता उलट बाजू पाहू. पुण्याजवळ खडकी येथे युद्धकबरस्थान आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. तेथेच पहिल्या महायुद्धाचे एक स्मारकही आहे आणि त्यावर १,८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. हे सैनिक त्या जागी पुरलेले नाहीत. भारत आणि आजचा पाकिस्तान यांमधील निरनिराळ्या नागरी आणि छावणी दफनभूमींत त्यांच्या कबरी होत्या, पण पुढे त्या कबरींची नीट देखभाल करणे शक्य राहिले नाही. म्हणून नावे एकत्र करून खडकीला कोरली. चेन्नईच्या युद्धकबरस्थानातही असेच स्मारक आहे आणि त्यावर हजाराहून अधिक नावे आहेत. कबरी राखता आल्या नाहीत, पण नोंदवही राखली होती. त्यामुळे नावे दुसऱ्या दगडावर नेता आली.

याहून बोलके उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचे आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा जवान मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनवर त्यांनी एकट्याने चाल केली, ती जागा जिंकली आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर माहीत नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये, लढाईनंतर ७९ वर्षांनी, इटलीतील माँतोने या गावाने त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले. त्यावर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे, त्याचा अर्थ: आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. परक्या गावातील माणसांना हे करता आले, कारण नाव, पलटण, तारीख आणि जागा यांची नोंद शाबूत होती.

नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाचे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी लोकार्पण झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांचे प्रत्येकी वेगळे नाव तेथील ग्रॅनाइटवर आहे. तेथे हुद्द्यावरून कोणाला संख्येत ढकललेले नाही. चांगल्या स्मारकाची कसोटी हीच.

प्रेमाने होणारे नुकसान

दुर्लक्षाने स्मारके खराब होतात हे सर्वांना दिसते. पण उत्साहाने केलेल्या दुरुस्तीनेही ती तितकीच खराब होतात, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. श्रमदानाला निघण्यापूर्वी पुढील गोष्टी प्रत्येक छात्राने समजून घ्याव्यात.

ऑइल पेंट: जुना दगड आणि वीट श्वास घेतात, म्हणजे आतला ओलावा हळूहळू बाहेर टाकतात. ऑइल पेंटने ती वाट बंद होते. ओलावा आत कोंडतो आणि दगडाचा वरचा पापुद्रा सुटतो. त्या पापुद्र्यावरच तर अक्षरे कोरलेली असतात. शिवाय दरवर्षी एक थर चढत गेला की उथळ अक्षरे बुजून जातात.

सिमेंट: जुनी बांधकामे चुन्याची असतात. चुना मऊ असतो, ओलावा सोडतो. सिमेंट कडक असते आणि ओलावा अडवते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की पाणी जुन्या विटांतून वाट काढते, त्यातले क्षार पृष्ठभागाजवळ सुकून स्फटिक होतात आणि वीट भुगा होऊन गळू लागते. समुद्राजवळ हवेतच मीठ असल्याने हे आणखी लवकर घडते.

ॲसिड आणि आंबट पदार्थ: संगमरवर आणि चुनखडी ॲसिडमध्ये विरघळतात. संडास-फरशी धुण्याचे द्रावण, लिंबू, चिंच यांनी पाटी पांढरी दिसते खरी, पण अक्षरांच्या कडा झिजतात.

तारेचा ब्रश, पॉलिश कागद, चाकू: यांनी दगडावर ओरखडे पडतात आणि त्यांत पुढे शेवाळ धरते. पितळी पाटी दर परेडला चकाकीच्या पावडरीने घासली की काही वर्षांत तिच्यावरची नावे सपाट होतात. कांस्याच्या पाटीवरचा हिरवट-तपकिरी थर घाण नसतो. तो खालच्या धातूचे रक्षण करतो.

झाडे: भिंतीत उगवलेला पिंपळ उपटू नये. मुळे आत दूरवर गेलेली असतात आणि ओढले की त्यांच्याबरोबर दगडही निखळतात. रोप लहान असतानाच ते जाणकाराला दाखवावे. मोठे झाले असेल तर हात लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला कळवावे.

दगड हलवणे: वीरगळ पडला म्हणून उचलून शाळेत आणून ठेवावा असे वाटू शकते. तसे करू नये. तो कोठे उभा होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता, हीदेखील माहिती असते आणि दगड हलवला की ती जाते. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे आणि शिलालेख १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. पहिल्या महायुद्धानंतर लगेच लागलेल्या पाट्याही आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय केलेली दुरुस्तीही गुन्हा ठरू शकते.

छात्रांनी काय करावे

एवढे सगळे करू नये, तर मग करायचे काय? पुष्कळ काही. त्याला पैसे फार लागत नाहीत, शिस्त लागते. आणि शिस्त तर आपल्याकडे आहे.

पहिले काम शोधण्याचे. सुटीत गावी गेल्यावर चावडी, शाळा, जुने देऊळ, वेस, नदीचा घाट येथे पाहावे. आजी-आजोबांना, माजी सैनिकांना विचारावे. गावात कोणत्या युद्धाला कोण गेले होते, याची उत्तरे आज फक्त त्यांच्याजवळ आहेत.

दुसरे काम वाचण्याचे. झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली धरते आणि ओळी उठून दिसतात. रात्री बॅटरी एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरली तरी तेच होते. अक्षरांत खडू, कोळसा, पीठ किंवा रंग भरू नये. मजकूर जसा आहे तसाच उतरवावा. शुद्धलेखन सुधारू नये, ओळी बदलू नयेत. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, अंदाजाने अक्षर घालू नये.

तिसरे काम नोंदीचे. गाव, तालुका, जिल्हा, नेमकी जागा, दिशा, लांबी-रुंदी, दगडाचा प्रकार, आजची स्थिती आणि तारीख. चारही बाजूंनी छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून. नोंदीच्या तीन प्रती कराव्यात. एक शाळेच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात.

चौथे काम आकड्यामागची नावे शोधण्याचे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची नोंद सर्वांना खुली आहे. तीत भारतीय सैनिकाच्या नावापुढे पुष्कळदा पलटण, वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले स्पेलिंग ओळखू येत नाही, म्हणून गावाचे नाव चार तऱ्हांनी लिहून पाहावे. एखाद्या पाटीवर नुसता आकडा आहे आणि आपण त्यातले एक जरी नाव त्याच्या घरापर्यंत पोहोचवले, तरी ते काम शंभर पुष्पचक्रांच्या तोडीचे आहे.

पाचवे काम देखभालीचे, आणि ते सर्वांत साधे आहे. भोवतालचे गवत कापणे, पाणी साचू न देणे, कचरा उचलणे. दगड चांगला घट्ट असेल तर स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर, हलक्या हाताने. पापुद्रे सुटत असतील तर पाणीही नको. वर्षातून एकदा मोठी मोहीम काढण्यापेक्षा दर महिन्याला अर्धा तास दिलेला बरा. एका स्मारकाची जबाबदारी एका तुकडीकडे द्यावी आणि ती तुकडी शाळा सोडताना पुढच्या तुकडीच्या हाती रीतसर नोंदवही द्यावी, जसा पहारा बदलताना चार्ज देतात तसा.

मोठी दुरुस्ती हवी असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे, छायाचित्रे जोडावीत, अर्जाची पोच घ्यावी. ग्रामसभेत ठराव झाला तर त्या पत्राला वजन येते. येथे पालकांनी पुढे व्हावे. मुलांनी नोंद करायची, मोठ्यांनी पाठपुरावा करायचा.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. देशाच्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे हे त्यांपैकी एक आहे. तिरुविडैमरुदूरच्या देवळातील अम्मणी ना राणी म्हणून इतिहासात गाजली, ना तिने कोठे लढाई मारली. तरीही पावणेदोनशे वर्षांनंतर तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते धातूवर लिहिले आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत कोणीतरी ते वाचले. जे सैनिक गाव सोडून गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्यासाठी एवढे करणे आपल्याला जमण्यासारखे आहे. या सुटीत आपल्या गावात एक तरी दगड शोधा, त्यावर लिहिलेले वाचा आणि परत येताना वहीत उतरवून आणा.